गोळीमागचे पैसे

माझी मावशी घाटकोपरला भटवाडीत राहायची आणि आम्ही मुलुंडला. तिच्याकडे जायचं म्हणजे एलबीएस मार्गाने बस. लहानपणी त्या रस्त्यावरच्या पाट्या मला पाठ होत्या. मुलुंडमध्ये हेक्स्ट, जॉन्सन अँड जॉन्सन; पुढे विक्रोळीत सिप्ला. आमच्या इमारतीतले निम्मे काका लोक कुठल्या ना कुठल्या औषध कंपनीत कामाला होते. कुणी पॅकिंगला, कुणी लॅबमध्ये, कुणी मेंटेनन्सला. ‘फार्मात आहे’ एवढं सांगितलं की मुलीकडचे लोक पगाराचं पुढे विचारत नसत.

मावशीला २०११ मध्ये टीबी झाला. साधा नव्हे, एमडीआर, म्हणजे रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा. तेव्हा त्यावरचा उपचार दोन वर्षांचा होता. रोज मूठभर गोळ्या, आणि सुरुवातीचे सहा ते नऊ महिने जवळजवळ रोज एक इंजेक्शन, कॅनामायसिनचं. हे औषध जपानमध्ये १९५७ साली सापडलेलं. त्याने कानाच्या आतल्या पेशी मरू शकतात, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि त्यांनी ते आम्हाला आधीच सांगितलंही होतं. दुसरं काही हाताशी नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तिच्या कानात शिटी वाजायला लागली. पाचव्या महिन्यात ती शिटीही थांबली आणि बाकी सगळंच थांबलं.

ती टीबीतून पूर्ण बरी झाली. आज सत्तरीला टेकली आहे. नातवाची पाटी तिच्या पलंगाशी कायम असते. आपण लिहायचं, ती वाचून मोठ्या आवाजात उत्तर देणार. आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नाही.

ती उपचार घेत असतानाच, २०१२च्या डिसेंबरअखेर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेडाक्विलिन नावाच्या गोळीला मंजुरी दिली. टीबीवर नव्या पद्धतीने काम करणारं, चाळीसहून अधिक वर्षांत आलेलं हे पहिलं औषध. कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन. मुलुंडच्या पाटीवरचं तेच नाव, जरी ही गोळी शोधली ती बेल्जियममधल्या बीर्स गावच्या प्रयोगशाळेत, कून अँड्रिज यांच्या चमूने. या गोळीने कान जात नाहीत. पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इंजेक्शनं मागे सारून बेडाक्विलिन पुढे आणलं आणि कॅनामायसिन वापरूच नये असं सांगितलं.

हा लेख मी टीबीवर लिहायला घेतला नव्हता. मला एक साधा प्रश्न पडला होता: चाळीस वर्षं का लागली? मग तो प्रश्न औषधांच्या संशोधनाचे पैसे कुठून येतात, कसे येतात, आणि पेटंट हा त्यासाठीचा बरा मार्ग आहे का, इथपर्यंत घेऊन गेला. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मुलुंड, जोगेश्वरी, गोरेगाव, पवई आणि अँटॉप हिल एवढ्यात बरंच सापडलं.

अँटॉप हिलला एस. एम. रोडवर बौद्धिक संपदा भवन आहे. मुंबईचं पेटंट कार्यालय तिथे बसतं. वडाळ्याहून रिक्षा मिळत नाही, टॅक्सीच करावी लागते. याच कार्यालयात बेडाक्विलिनच्या एका दुसऱ्या पेटंटचा अर्ज पडून होता. मूळ रेणूचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. हा नवा अर्ज त्याच रेणूच्या एका क्षारासाठी, फ्युमरेट सॉल्टसाठी होता. गोळीत प्रत्यक्ष हाच क्षार असतो. अर्ज मंजूर झाला असता तर कंपनीची मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबली असती.

आपल्या कायद्यात एक चांगली सोय आहे. पेटंट मिळण्याआधी त्याला कोणीही हरकत घेऊ शकतो. वकील लागत नाही, कंपनी असावं लागत नाही. २०१९ साली दोन तरुण स्त्रियांनी ही हरकत घेतली. एक मुंबईची पत्रकार नंदिता व्यंकटेशन. तिला दोनदा आतड्यांचा टीबी झाला आणि दुसऱ्या वेळी, २०१३ मध्ये, उपचारातल्या इंजेक्शनांनी तिचं ऐकणं गेलं. दुसरी दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. तिचेही कान कॅनामायसिननेच गेले होते. दोघींच्या पाठीशी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था होती. याच संस्थेचा औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा दवाखाना अनेक वर्षं गोवंडीत चालला.

२३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. माहीत असलेल्या औषधाचा क्षार बनवणं त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघडच सुचेल असं आहे, आणि कलम ३(डी) नुसार जुन्या पदार्थाच्या नव्या रूपाला गुण स्पष्टपणे वाढल्याशिवाय पेटंट मिळत नाही, असा त्या आदेशाचा आशय. जुलैत मूळ पेटंट संपलं. त्याच महिन्यात कंपनीने ‘स्टॉप टीबी’च्या जागतिक औषध खरेदी यंत्रणेला अनेक देशांसाठी जेनेरिक घेण्याची मुभा दिली. ऑगस्टमध्ये त्या यंत्रणेच्या निविदेचे भाव जाहीर झाले. सहा महिन्यांच्या कोर्सला आधी २८९ डॉलर पडत होते. सांताक्रूझच्या ल्युपिनने १९४ डॉलर भरले. आणि स्वतः जॉन्सन अँड जॉन्सनने १३०.

हे आकडे मी पुन्हापुन्हा पाहिले. स्पर्धक दारात उभा राहिल्यावर मूळ कंपनीला तीच गोळी निम्म्याहून कमी दरात देता आली. काही वर्षांपूर्वी तीच कंपनी गरीब देशांना कोर्सचे ९००, मध्यम उत्पन्नाच्या देशांना ३,००० आणि श्रीमंत देशांना ३०,००० डॉलर सांगत होती. एकाच गोळीच्या तीन किमती, आणि चौथी किंमत स्पर्धा आल्यावरची. यातली संशोधनाची किंमत कुठली म्हणायची?

*

पेटंटमागचा विचार समजायला सोपा आहे आणि मुळात वाईटही नाही. नवा रेणू शोधणं महाग आणि बेभरवशाचं असतं. हजारो रेणू तपासावे लागतात, बहुतेक वाटेत पडतात, माणसांवरच्या चाचण्यांना वर्षं जातात. एकदा गोळी सापडली की तिची नक्कल मात्र थोड्या खर्चात होते. म्हणून समाज कंपनीशी सौदा करतो: तुझं ज्ञान उघड कर, त्या बदल्यात वीस वर्षं हे तूच विक. त्या काळात हवी ती किंमत लाव आणि आपला खर्च, अपयशांसकट, वसूल कर.

या सौद्यातली एक गोष्ट मात्र सहसा बोलली जात नाही. खर्च वसूल होतो तो आजारी माणसाकडून, आणि नेमका तो आजारी असतानाच. पेटंटच्या काळातली चढी किंमत हा खरं तर एक कर आहे. सरकार तो गोळा करत नाही, कंपनी करते. आणि भरतो तो सगळ्यात दुबळ्या अवस्थेतला माणूस. रस्ते बांधायला आपण असा कर लावला असता का, की फक्त ज्याचा पाय मोडला आहे त्यानेच तो भरायचा?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेटंट विचारतं, कोण किती पैसे देऊ शकेल. आजार कुठे आहे हे ते विचारत नाही. रिफॅम्पिसिन साठच्या दशकात इटलीत आलं. त्यानंतर बेडाक्विलिनपर्यंतच्या बहुतेक वर्षांत श्रीमंत जगाच्या मोठ्या भागात पेटंटचा कायदा भक्कम होता. कायदा कमी पडला नाही, गिऱ्हाईक कमी पडलं. टीबीचा जिवाणू तोच होता, मरणारी माणसं लाखोंनी होती. जगातल्या टीबीच्या चार रुग्णांमागे एक भारतात आहे. एकट्या मुंबईत वर्षाला साठ हजारांच्या आसपास नवे रुग्ण नोंदले जातात. पण भटवाडीतली मावशी तीन हजार डॉलर देणार नव्हती, आणि औषध उद्योगाच्या हिशेबनिसांना ते पक्कं ठाऊक होतं.

मग बेडाक्विलिन आलं तरी कसं? इथे मला एक अभ्यास महत्त्वाचा वाटतो. २०२० साली काही संशोधकांनी या औषधावर कोणी किती खर्च केला याचा हिशेब मांडला. करसवलती, सरकारी अनुदानं, विद्यापीठांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या चाचण्या, दान म्हणून दिलेल्या गोळ्यांवरची करमाफी, असं सगळं धरून सार्वजनिक पैसा निघाला ४५ ते ७५ कोटी डॉलरच्या दरम्यान. कंपनीचा स्वतःचा खर्च ९ ते २४ कोटी डॉलर. अंदाजच आहेत ते. कंपन्या आपली वही उघडत नाहीत, त्यामुळे बाहेरच्यांना असंच मोजावं लागतं. तरी अंदाजाच्या कुठल्याही टोकाला जनतेचा वाटा कंपनीच्या वाट्याहून मोठाच राहतो.

या सार्वजनिक पैशाच्या हिशेबात कंपनीला मिळालेलं एक बक्षीसही धरलेलं आहे, ज्याचा पेटंटशी संबंध नाही. उष्ण कटिबंधातल्या दुर्लक्षित आजारांवर औषध आणणाऱ्या कंपनीला अमेरिकन सरकार एक व्हाउचर देतं. ते दाखवलं की त्या कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याही औषधाची तपासणी लवकर होते. व्हाउचर विकताही येतं. अशाच प्रकारचं एक २०१५ मध्ये ३५ कोटी डॉलरना विकलं गेलं. जॉन्सन अँड जॉन्सनने बेडाक्विलिनचं व्हाउचर विकलं नाही. सोरायसिसवरच्या आपल्या महागड्या औषधासाठी वापरलं आणि ते २०१७ मध्ये बाजारात आणलं. एवढं झाल्यावर उरलेली साडेचार वर्षं कशासाठी हवी होती, हे मला अजून नीट समजलेलं नाही.

कंपनीच्या बाजूचंही मांडायला हवं, आणि मी ते मनापासून मांडते. अँड्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो संयुगं चाळून हा रेणू शोधला, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी टीबीकडे पाठ फिरवली होती. त्या गोळीने माणसं वाचली. आणि भारतात ती रुग्णांपर्यंत उशिरा पोचली याला एकटं पेटंट कारण नव्हतं. २०१६ मध्ये ती देशातल्या फक्त सहा केंद्रांवर सुरू झाली, त्यातलं एक आपलं शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीच्या केंद्राने ती नाकारली, तेव्हा वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. गोळी मिळाली २०१७ मध्ये, फार उशिरा. २०१८च्या ऑक्टोबरात ती मुलगी गेली. नव्या औषधाला जिवाणू लवकर सरावेल ही सरकारी यंत्रणेची भीती खोटी नव्हती. पण कंपनीने दान दिलेल्या मोजक्या गोळ्यांवर कार्यक्रम चालला की भीतीला आणखी धार येते.

*

एलबीएस मार्गाकडे परत येते, कारण पेटंटचा वाद इथे आजचा नाही.

साठच्या दशकात हेक्स्टने मधुमेहावरच्या टोल्ब्युटामाइडचं पेटंट आपल्याकडे आहे म्हणून जोगेश्वरीच्या युनिकेमवर मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. युनिकेमचं म्हणणं होतं की आम्ही हे औषध परळच्या हाफकिन संस्थेने शोधलेल्या पद्धतीने बनवतो. म्हणजे सरकारी पैशाने, आपल्या शास्त्रज्ञांनी, मुंबईत विकसित केलेली पद्धत. १९६८ मध्ये निकाल हेक्स्टच्या बाजूने लागला. १९११च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात दुसरं काही होणं कठीणच होतं. त्याआधी, १९५९ मध्ये, न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी सरकारला अहवाल दिला होता. भारतातली बहुतांश पेटंटं परदेशी कंपन्यांकडे आहेत आणि त्यातल्या फारच थोड्यांवर इथे उत्पादन होतं, हे त्यांनी दाखवलं. टोल्ब्युटामाइडची हकिगत आणि अय्यंगारांचा अहवाल, दोन्ही १९७०च्या पेटंट कायद्याच्या मागे उभे आहेत. तो कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूला पेटंट बंद, फक्त बनवण्याच्या पद्धतीला, तेही पाच ते सात वर्षं. विक्रोळीच्या सिप्लासारख्या कंपन्या त्या कायद्यावर वाढल्या. २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी एड्सवरची तीन औषधं एकत्र वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे, म्हणून थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते मुलुंड आणि गोरेगावच्या तीन प्रयोगशाळांशी. त्यांची गोष्ट फार कमी लोक सांगतात.

‘पेटंट नाही तर संशोधन नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते नियमासारखं वाटतं. या तीन प्रयोगशाळांच्या तारखा त्याच्याशी ताडून पाहाव्यात. पहिली, स्वित्झर्लंडच्या सिबाची. गोरेगावला १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उघडली, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी तिचे संचालक. तेव्हा रेणूला पेटंट होतं. नैराश्यावरचं सिंटामिल नावाचं औषध इथलं. दुसरी, हेक्स्टची, मुलुंडला. ती सुरू झाली १९७२ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी भारताने औषधाच्या रेणूचं पेटंट बंद केलं, त्याच वर्षी जर्मनीतल्या कंपनीने इथे मूलभूत संशोधन केंद्र उभारलं.

या केंद्राने काय केलं? नोएल डिसूझा, सुजाता भट आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या औषधी वनस्पती तपासायला घेतल्या. त्यातली एक कोलियस. घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात थंडीत तिची मुळं विकायला येतात. गुजराती घरांत त्याला गरमर म्हणतात, आपण माईनमुळे. दोन्हीकडे लोणचं घालतात. त्या मुळांतून मुलुंडच्या प्रयोगशाळेने एक रेणू वेगळा केला, फोर्सकोलिन, आणि १९७७ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. पेशीच्या आत निरोप पोचवणारी जी यंत्रणा आहे, ती थेट चालू करणारा हा रेणू. जगातल्या पेशीशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत आज तो शीतकपाटात असतो. त्याच्यापासून बनवलेलं हृदयविकाराचं एक औषध १९९९ मध्ये जपानमध्ये मंजूर झालं. आणखी एक गंमतीची बाब: लखनौच्या सरकारी केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनेही साधारण त्याच काळात त्याच झाडातून तोच रेणू काढला होता आणि त्याला कोलिओनॉल असं नाव दिलं होतं. एक खासगी प्रयोगशाळा, एक सरकारी, आणि लोणच्याचं एकच मूळ.

तिसरी प्रयोगशाळा याच केंद्रातून आली. १९९८ मध्ये निकोलस पिरामलने मुलुंडचं केंद्र घेतलं आणि २००४ मध्ये गोरेगावला निरलॉनच्या आवारात नवं, मोठं केंद्र उघडलं, राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते. पुढच्याच वर्षी, १ जानेवारी २००५ पासून, जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारतात रेणूला पुन्हा पेटंट मिळू लागलं. आता संशोधनाला बहर येणार असं सगळे म्हणत होते. कर्करोगावरचे रेणू चाचण्यांपर्यंत गेले. २०१४ मध्ये पिरामलने नव्या रेणूंचं संशोधन थांबवलं.

यावरून कुणी उलटा नियम काढू नये. हेक्स्टला मुलुंडमधला खर्च परवडत होता, कारण जर्मनीत आणि अमेरिकेत तिची पेटंटं चालू होती आणि मुलुंडमध्ये सापडलेलं तिकडे विकता येणार होतं. तेव्हाही पेटंटचाच पैसा होता, फक्त दुसऱ्या देशातल्या रुग्णांचा. आणि पिरामलचे रेणू पडले ते रेणू पडतात म्हणून. पण एवढं नक्की कळतं की भारतातल्या कायद्याच्या एका कलमावर भारतातलं संशोधन उभं राहत नाही किंवा कोसळत नाही. माणसं हवीत, धीर हवा, आणि दहा-पंधरा वर्षं निकाल न मागता बसणारा पैसा हवा. मुलुंडला तो काही काळ होता.

*

अँटॉप हिलचं कार्यालय आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईतूनच भारताचा पहिला, आणि आजवरचा एकमेव, सक्तीचा परवाना दिला. औषध होतं यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं सोराफेनिब. त्याची पेटंटधारक कंपनी बायर महिन्याला २ लाख ८० हजारांवर घेत होती. हैदराबादच्या नॅटकोला ते ८,८८० रुपयांत विकायची मुभा मिळाली, बायरला स्वामित्वशुल्क देऊन. बायरच्या किमतीत हे औषध गरजूंपैकी जेमतेम दोन टक्के लोकांपर्यंत पोचत होतं, ही त्या आदेशातली मुख्य बाब. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला.

त्यानंतर मात्र एकही परवाना नाही. कायदा आहे, कलम आहे, पूर्वनिर्णय आहे, पण वापर नाही. अमेरिकेचा व्यापारी दबाव हे त्यामागचं एक कारण आहे, ते लपून राहिलेलं नाही. मला सक्तीचा परवाना आवडतो, पण तो आग लागल्यावरचा बंब आहे. नवं औषध शोधायला त्याने एक पैसाही उभा राहत नाही. पेटंटवर टीका करणारे आपण सगळे इथेच थोडे सैल पडतो. जेनेरिक बनवायला आधी काहीतरी शोधलेलं असावं लागतं. हरकत जिंकली की आपण पेढे वाटतो, पण पुढच्या बेडाक्विलिनचे पैसे कुठून येणार याचं उत्तर त्या पेढ्यांत नसतं.

उत्तर देण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. २००८ मध्ये केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने समीर ब्रह्मचारींच्या पुढाकाराने टीबीसाठी खुल्या संशोधनाचा प्रकल्प सुरू केला. सगळी माहिती सगळ्यांना उघडी, पेटंटची धावपळ नाही. हजारो विद्यार्थी जोडले गेले. पण उत्साहावर रेणू माणसांवरच्या चाचणीपर्यंत जात नाही. तिथे मोठा, सलग पैसा लागतो आणि तो आला नाही. प्रकल्प विझत गेला. टीबी अलायन्स ही ना-नफा संस्था मात्र टिकली. सरकारं आणि देणगीदारांच्या पैशावर तिने प्रेटोमॅनिड पुढे नेलं, २०१९ मध्ये मंजुरी मिळवली. आज बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार गोळ्या एकत्र देतात. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४च्या सप्टेंबरात ही पद्धत मान्य केली. मावशीचे दोन वर्षांचे उपचार आता सहा महिन्यांचे झाले आहेत, आणि त्यात एकही इंजेक्शन नाही.

आणि पवई. आयआयटीचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धत इथे घडवली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं, परत अंगात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने तिला मंजुरी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी तिचं लोकार्पण केलं. अमेरिकेत असे उपचार तीन-चार कोटींना पडतात. इथे तीस-चाळीस लाख. यात जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा आहे, सरकारी संस्थांचे पगार आहेत, टाटाच्या खाटा आणि वॉर्ड आहेत.

पण चाळीस लाख म्हणजे घाटकोपरमध्ये एका चाळीतली खोली. बीज सार्वजनिक पैशाचं होतं, तर अनुदान देतानाच किमतीची अट लिहायला हवी होती. मला नेमकं हेच म्हणायचं आहे, आणि माझ्या परीने हेच या लेखाचं म्हणणं आहे. जे आजार पैसेवाल्यांना होतात, त्यांच्या औषधांसाठी पेटंट आपलं काम करत राहील, तिथे ते मोडून टाका असं मी म्हणत नाही. पण टीबी, मलेरिया, प्रतिजैविकांना दाद न देणारे संसर्ग, अशा आजारांवर जिथे रोगी देऊ शकत नाही आणि जनता आधीच मोठा वाटा देते, तिथे ते पैसे उघडपणे, आधी आणि पुरेसे द्यावेत. हवं तर गोळी चालली की कंपनीला भरघोस बक्षीस द्यावं, एकरकमी. मग ती गोळी पहिल्या दिवसापासून बनवण्याच्या खर्चाला विकावी. बेडाक्विलिनचा सहा महिन्यांचा कोर्स शंभर डॉलरपेक्षा कमीत बनू शकतो, असं लिव्हरपूलच्या अभ्यासकांनी २०१७ च्या सुमारास मांडलं होतं. मुलुंड ते मरोळ या पट्ट्यात आणि जवळपास असे कोर्स बनवू शकणाऱ्या कंपन्या आहेतच. मॅक्लिओड्स मरोळला, ल्युपिन सांताक्रूझला. हात इथे आहेत. कमी आहे ती खरेदीची हमी आणि अटी लिहिण्याचं धैर्य.

हे माझं मत कुणाला महागडं वाटेल. सरकारी पैशाने संशोधन म्हणजे सुस्ती, असंही काही वाचक म्हणतील, आणि आपल्या सरकारी संस्थांचा अनुभव पाहता त्यांना खोडून काढणं सोपं नाही. कोणत्या रोगाला आधी पैसा द्यायचा हे ठरवण्यात चुका होतील, वशिलेही चालतील. पण आत्ताही कुणीतरी ठरवतंच आहे. न्यू जर्सीतल्या औषध कंपनीच्या कार्यालयात बसून ठरवतं, आणि मावशीच्या रोगाला चाळीस वर्षं मागे ठेवलं जातं. चूक करणारा जवळ असला तर निदान त्याच्याकडे जाऊन हरकत तरी घेता येते.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. एलबीएस मार्गावर मेट्रोचं काम चालू आहे, तासभर लागला. तिला नंदिताची गोष्ट सांगायची होती. पाटीवर लिहीत गेले, पुसत गेले. दोघी ऐकू न येणाऱ्या मुली, एक अर्ज, अँटॉप हिल. मावशीने सगळं वाचलं आणि मोठ्या आवाजात विचारलं की नाही हरकत घेतली तर काय झालं असतं. मी पाटीवर एकाखाली एक दोन तारखा लिहिल्या: जुलै २०२३, डिसेंबर २०२७. तिने बोटांच्या पेरांवर मधले महिने मोजले. त्रेपन्न भरले. मग पाटीच्या कोपऱ्यात तिने स्वतःचा आकडा लिहिला, २४, आणि पाटी माझ्याकडे दिली.